जॉन हर्ट: चेहरा मोठा की आवाज?

श्रुतिकावेडी:
काल 'द एलिफंट मॅन' (१९८०) पुन्हा पाहिला. ब्रिटिश अभिनेता जॉन हर्टचा विषय निघाला की लोक त्याच्या ऑस्करच्या दोन नामांकनांपाशी येऊन थांबतात. त्यातलं एक याच सिनेमासाठी. पण इथे हर्टचा चेहरा दिसतो कुठे? सात-आठ तासांची रंगभूषा, सगळं तोंड झाकलेलं. हर्ट त्यात जॉन मेरिक, शरीर विद्रूप झालेला माणूस. डॉक्टर ट्रीव्ह्ज त्याच्याकडून बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राच्या थोड्या ओळी घोकून घेतात. इस्पितळाच्या प्रमुखांसमोर परीक्षा फसते, दोघं खोलीबाहेर येतात आणि आतून आवाज ऐकू येतो. न शिकवलेल्या ओळीही तो म्हणतोय! दाटलेला, ओलसर, एकेक शब्द तोंडातून सोडवून घेणारा आवाज. आत एक शहाणा माणूस आहे हे त्या दोघांना दाराबाहेर कळतं, कानांनी.

माझं मत स्पष्ट आहे, हर्टचं सगळ्यात मोठं काम आवाजाचं. १९७८ च्या 'वॉटरशिप डाउन'मधला हेझल ससा, त्याच वर्षीच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अ‍ॅनिमेशनपटातला अ‍ॅरागॉर्न, 'डॉगव्हिल'चं निवेदन, 'मर्लिन' मालिकेतला ड्रॅगन. ही कामं 'इतर' म्हणून शेवटी ढकलली जातात, याचं मनापासून वाईट वाटतं.

तिसरी_घंटा:
ताई, अजिबात पटलं नाही. याच सिनेमाचा शेवट आठवा. पुठ्ठ्याचं चर्च बांधून होतं, तो पलंगाशी येतो, उशा एकेक करून बाजूला काढतो आणि आडवा होतो. आडवं झोपलं तर आपण मरणार, हे त्याला ठाऊक आहे. उशा काढताना एक शब्द नाही. ते काम हातांचं आणि पाठीचं आहे.

आणि १९७१ चा 'टेन रिलिंग्टन प्लेस'? त्यात हर्टने साकारलेला टिमोथी एव्हान्स हा खरा माणूस, १९५० मध्ये नाहक फासावर गेला, १९६६ मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली. खून खालच्या मजल्यावरच्या जॉन ख्रिस्ती नावाच्या शेजाऱ्याने केलेला, आणि हा त्याच्यावरच विसंबलेला. तो विश्वास हर्टने डोळ्यांत आणलाय. रेडिओवर हे कसं दिसणार?

श्रुतिकावेडी:
दिसणार नाही, ऐकू येईल. हर्ट डर्बीशायरचा, एव्हान्स वेल्सचा. तो हेल काढून टाका, मग बघा एव्हान्स किती उरतो.

लंडनकर_मावशी:
तुम्ही दोघंही सिनेमातच अडकलात. त्याला घराघरांत नेलं दूरचित्रवाणीने. १९७५ मध्ये त्याने क्वेंटिन क्रिस्प साकारला, उघडपणे समलिंगी म्हणून जगलेला माणूस. इंग्लंडमध्ये तो गुन्हा राहिला नाही त्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती. अशी भूमिका घ्यायला छाती लागते! पुढच्याच वर्षी 'आय, क्लॉडियस' मालिकेतला रोमन सम्राट कॅलिग्युला.

पण आवाजाबद्दल ताईंच्या बाजूने एक सांगते. १९८७ मध्ये सरकारने एड्सची जाहिरात दाखवली, घरोघरी पत्रकंही वाटली. जाहिरातीत छिन्नीने कोरला जाणारा थडग्याचा दगड आणि वर हर्टचा आवाज. मी तेव्हा शाळेत होते. जाहिरात लागली की आई हातातलं लाटणं थांबवून उभी राहायची. तिला इंग्रजी फारसं यायचं नाही, पण काहीतरी गंभीर आहे हे त्या आवाजावरून तिला कळायचं.

तिसरी_घंटा:
मावशी, आईंची आठवण मोठी आहे, तिच्यावर वाद नाही. पण त्या दगडाचाही त्यात वाटा होताच. मी एवढंच म्हणतो, 'नाइन्टीन एटी-फोर'मधला विन्स्टन पाहा. उंदरांचा पिंजरा तोंडाशी येतो तेव्हाचे डोळे पाहा आणि मग आवाज मोठा म्हणा.

श्रुतिकावेडी:
पाहिलेत, दोनदा. ते डोळे मी नाकारत नाहीच. आता माझं एक ऐका. 'वॉटरशिप डाउन'ची १९९९ ला मालिका आली, तिच्यात हर्टने जनरल वूंडवॉर्टला आवाज दिला, म्हणजे हेझलच्या वैऱ्याला! पडद्याकडे पाठ करून दोन्ही लागोपाठ ऐका. मग बोलू.