डब्ल्यूयूईची फी-सवलत बदलतेय, मुलीसाठी काय करावं?

रेडमंडची_आई: नमस्कार. मुलगी बारावीत आहे, कॉम्प्युटर सायन्स करायचंय. आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो. सिएटलच्या यूडब्ल्यूमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) त्या विषयाला फारच चुरस, म्हणून युटा, नेवाडा, अ‍ॅरिझोनातली कॉलेजं यादीत घेतली, ती केवळ डब्ल्यूयूईच्या, म्हणजे वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंजच्या भरवशावर (पश्चिमेकडच्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या कॉलेजांत कमी फी देणारी योजना). आता कळलं की यादीतल्या एका कॉलेजनं हा विषयच सवलतीतून काढलाय. बाकीच्यांवर कितपत विसंबावं? शिवाय ती एच-४ वर आहे (एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावरच्यांच्या कुटुंबाचा व्हिसा, मुलांना २१ वर्षांपर्यंतच). ग्रीन कार्डचा नंबर कधी लागेल माहीत नाही, आणि कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी ती २१ ची होईल. फार काळजी वाटतेय.

मेसाकर: ताई, डब्ल्यूयूईत कॉलेज आपल्या इन-स्टेट फीच्या (त्या राज्याच्या रहिवाशांची कमी फी) जास्तीत जास्त दीडपट घेऊ शकतं. म्हणजे इन-स्टेट १२ हजार डॉलर असेल तर तुम्हाला १८ हजारांच्या आत. पण ही सवलत हक्काची नाही. विषय कोणते, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) किती, जागा किती, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं आणि वर्षागणिक बदलू शकतं. त्यामुळे गेल्या वर्षी मैत्रिणीच्या मुलाला मिळाली यावर जाऊ नका. मध्येच विषय बदलला तरी सवलत जाऊ शकते, हेही मुलीला आत्ताच सांगून ठेवा. आणि डब्ल्यूयूईवर शिकताना काढलेली वर्षं तिथला रहिवासी ठरायला बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. ‘वर्षभरानं इन-स्टेट होईल’ हा हिशेब मांडू नका.

एच४_पालक: माझ्या मते तुमचा खरा प्रश्न २१ वर्षांचा आहे. एच-४ संपला की बहुतेक मुलं एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जातात, आणि मग अनेक कॉलेजं त्यांना आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. पहिली दोन वर्षं सवलत आणि पुढे पूर्ण फी, हे घराला झेपणार नाही. एच-४ ला डब्ल्यूयूई देतात का, आणि व्हिसा बदलल्यावर ती टिकते का, हे अ‍ॅडमिशन ऑफिसकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या आश्वासनाला अर्थ नाही.

डॅलस_देशपांडे: टेक्सासही बघा. तिथल्या कायद्यानुसार सरकारी विद्यापीठाची किमान १००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरच्या विद्यार्थ्याला इन-स्टेट फी लागू होऊ शकते. मात्र अशा विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आहे. स्कॉलरशिप गेली की सवलतही जाते, म्हणून पुढच्या वर्षी ती चालू ठेवायच्या अटी आधी वाचा.

टॅम्पाची_आत्या: कुणाचे आजी-आजोबा फ्लोरिडाचे कायदेशीर रहिवासी असतील तर त्यांच्यासाठी: २०२१ पासून तिथे नातवंडांना बाहेरच्या राज्याची जादा फी माफ होते. राज्यभर मिळून ३५० जणांची मर्यादा आहे आणि सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुणही वरचे लागतात. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येणारे आजी-आजोबा यात धरत नाहीत.

रेडमंडची_आई: मनापासून आभार. आमचे आई-बाबा नाशिकला, त्यामुळे फ्लोरिडा नाहीच. चारही कॉलेजांना आजच ईमेल करते. मेसाकर, आणखी काय विचारू?

मेसाकर: तिचा विषय यंदाच्या प्रवेशाला सवलतीत आहे का, आणि नंतर नियम बदलले तर आधी घेतलेल्यांना जुनाच दर चार वर्षं राहील का. सवलतीचा वेगळा अर्ज आणि वेगळी तारीख आहे का, तेही विचारा. ती तारीख काही ठिकाणी प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या बरीच आधी असते. आणि वॉशिंग्टनमधली दोन कॉलेजं यादीत ठेवाच, त्यांचे अर्ज आधी भरा.