मदत हवी आहे: यकृतात दडलेल्या हिवतापाच्या परजीवीचा माग रक्तातून कसा काढावा?

नमस्कार. मी नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असून प्रबंधासाठी मार्गदर्शन हवे आहे. गेल्या पावसाळ्यात व्हायवॅक्स या परजीवीमुळे होणारा हिवताप झालेल्या माझ्या आत्याला दिवाळीनंतर पुन्हा हुडहुडी भरून ताप आला. मधल्या काळात तिच्या रक्ताची काचपट्टी मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली तासभर तपासली होती आणि तीत एकही परजीवी दिसला नव्हता. परजीवी यकृतपेशींत हिप्नोझोइट या सुप्त रूपात निद्रिस्त आहे की नाही, हे सांगणारी चाचणी दवाखान्यांत आजही नाही. त्यामुळे यकृतातील परजीवी मारणारे प्रायमाक्विन हे औषध सरसकट द्यावे लागते, आणि जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.

२०२० मध्ये परजीवीच्या आठ प्रतिजनांविरुद्ध (शरीर परके म्हणून ओळखते अशा प्रथिनांविरुद्ध) बनणाऱ्या प्रतिपिंडांवरून मागील नऊ महिन्यांतील संसर्ग ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. परंतु ती संसर्ग होऊन गेल्याचे सांगते, यकृतात परजीवी उरल्याचे नव्हे, आणि माझ्या मते खरा पेच इथेच आहे. मानवी यकृतपेशी रुजवलेल्या उंदरांच्या रक्तातील एक्झोसोममध्ये (पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत) परजीवीची प्रथिने सापडली आहेत. अशी प्रथिने रुग्णांच्या प्लाझ्मात (रक्तद्रवात) शोधायची झाल्यास नमुने ताप उतरल्यावर किती दिवसांनी घ्यावेत, आणि पुन्हा आलेला ताप जुन्याच परजीवीचा की नव्या डासदंशाचा, हे कसे ठरवावे? गडचिरोलीकडील रुग्णांच्या नमुन्यांवर कुणी काम केले असल्यास कृपया अवश्य लिहावे.