पेपॅलमधली शिल्लकही भांडवलातच धरतात

काही जण म्हणतात की पेपॅल (ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची सेवा) ही बँक नाही, म्हणून युनिव्हर्सल क्रेडिटच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या सरकारी भत्त्याच्या अर्जात त्यातली शिल्लक दाखवायची गरज नाही. हे चूक आहे, आणि महागात पडू शकतं. पैसा कुठे ठेवलाय याने फरक पडत नाही. तो तुमचा असेल आणि काढता येत असेल तर भांडवलात, म्हणजे तुमच्या एकूण बचतीत, धरला जातो. जोडप्याने अर्ज केला असेल तर दोघांचं मिळून.

६,००० पौंडांपर्यंतच्या भांडवलाचा परिणाम होत नाही. त्यापुढच्या दर २५० पौंडांमागे, किंवा त्याच्या भागामागे, महिन्याला ४.३५ पौंड उत्पन्न गृहीत धरतात आणि भत्ता तेवढा कमी करतात. १६,००० च्या वर गेलात की हक्कच संपतो. बँकेत ५,८०० आणि पेपॅलमध्ये ४६० असतील तर एकूण ६,२६०. वरचे २६० म्हणजे दोन टप्पे, म्हणून ८.७० पौंड कपात. नेमकं इथेच लोक फसतात: बँकेची रक्कम मर्यादेत दिसते आणि पेपॅल विसरलं जातं. डॉलर-युरोतली शिल्लकही मोजायची, ती पेपॅल खात्यात वेगळ्या ओळीत असते.

तारखेनिशी स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. रक्कम बदलून २५० पौंडांचा टप्पा ओलांडला तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातून बदल कळवा. पैसे दुसऱ्या कुणाचे, नुसते तुमच्या खात्यात आलेले असतील, तर तसा पुरावा जपा. आणि भत्ता मिळावा म्हणून रक्कम नातेवाइकाकडे वळवू नका. ती तुमच्याकडेच आहे असं धरून हिशेब करतात.