मागणं नाही, नुसती स्तुती : रोज कशी जमते? (अनुभव धागा)

गाऱ्हाणं घालायला आपल्या कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. पोराची नोकरी अडली, बागेत मोहोर जळला, भावकीत बिनसलं, की नारळ ठेवायचा, 'बा देवा म्हाराजा' सुरू करायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काम देवाच्या गळ्यात. पण काही एक न मागता रोज त्याचं नुसतं गुणगान करायचं म्हटलं की आमची गाडी अडते. मी कुडाळकडचा, अजून धडपडतोय. तुम्ही केव्हा करता, कशाला जोडून करता, कुठे तुटतं, ते लिहा. देव कुठला याची अट नाही. उपदेश मात्र नको, त्याला सप्ताहात कीर्तनकार येतात.

वेंगुर्ल्याहून

आमच्याकडे तिन्हीसांजेला तुळशीपुढे आणि देवापुढे दिवा लागतोच, सोयरसुतक सोडून. म्हणून मी वेगळी वेळ शोधलीच नाही, दिवा लावला की तिथेच बसून रामरक्षा. 38 श्लोक आहेत, घाई केली नाही तरी भात शिजेपर्यंत होतात. मुलगा मोबाईलवर डोळे ठेवून सोबत म्हणतो, आणि बिनचूक म्हणतो! त्याला ओरडावं की नाही, हे काही ठरत नाही.

राजापूरहून

ताई, रामरक्षा धाग्याच्या नियमात बसत नाही हो. 'शिरो मे राघवः पातु'पासून पार पायांपर्यंत 'हे सांभाळ, ते सांभाळ'च चाललंय. गाऱ्हाणंच ते, फक्त संस्कृतात.

वेंगुर्ल्याहून

नसेल बसत तर राहू दे. पण कपाळ सांभाळायला दशरथात्मज, डोळ्यांना कौसल्येय, कानांना विश्वामित्रप्रिय. दर अवयवाला त्याचं नवं नाव घ्यायचं. मागणं 'पातु' एवढंच, बाकी सगळं कौतुक. मला तरी ते लाडाने हाका मारल्यासारखंच वाटतं.

हर्णैहून

मी बोटीवर तांडेल. बंदरातून निघालो, सुवर्णदुर्ग बाजूला पडला की इंजिनाच्या आवाजात मोठ्याने विठ्ठलाचं नाव घेतो. कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे लाज नाही. खरी अडचण 1 जून ते 31 जुलै. मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, आणि बोटीबरोबर माझं नामही वर ओढलेलं! घरात बसून तेच नाव घेतलं तर तोंडाला चव येत नाही. मग घरातल्यांनी सांगितलं, जाळी विणायला बसता ना, तिथे म्हणा. आता बंदीच्या दिवसांत सुई हातात आली की सुरू होतं. पोरं हसतात, पण तीही गुणगुणतात. माझं म्हणणं, नाम हाताच्या कामाला बांधावं, घड्याळाला बांधलं तर टिकत नाही. निदान आमच्यासारख्यांचं नाही, भरती-ओहोटी रोज वेळ बदलते.

रत्नागिरीहून

हर्णैच्या दादांशी अर्धी सहमत. आमच्यात घड्याळच उपयोगी पडतं, नमाजाच्या वेळा ठरलेल्या. प्रत्येक फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजानंतर 33 वेळा सुभानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. यात मागणं नाही, तो पाक आहे, सगळी तारीफ त्याची, तो सर्वांत मोठा, एवढंच. मागायचं ते दुआत मागतो. मी तस्बीहचे मणी वापरत नाही, बोटांच्या पेरांवर मोजते. मण्यांवर हात आपोआप पुढे सरकतो आणि मन बाजारात जातं. पेरांवर चुकलं तर लगेच कळतं. फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजाला, मात्र झोपेशी भांडण असतंच, ते कुणाचं सुटलंय?

खेडहून

कशेडी घाटात गाडी चालवताना नाम आपोआप यायचं. आता बोगदा झाला, नाम सुटलं. ते बहुधा स्तुतीत मोडत नसावं.

वसईहून

आमच्या घरी जेवणाआधी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ. पाच दशकं, दर दशकात दहा वेळा 'नमो मरिये' आणि शेवटी त्रैक्याची स्तुती. ऑक्टोबर रोझरीचा महिना, तेव्हा सगळे वेळेवर हजर. खरी परीक्षा नोव्हेंबरात, लग्नसराई सुरू झाली की! आजीने एक नियम घातला होता : रोझरी संपल्यावर प्रत्येकाने आज देवाने काय चांगलं केलं ते एक सांगायचं, आणि कालचं परत चालणार नाही. पहिले काही दिवस 'जेवण मिळालं', 'शाळा सुटली' असलं. मग साठा संपला. तेव्हा माणूस दिवसभर बघत फिरायला लागतो, संध्याकाळी सांगायला काहीतरी हवं म्हणून. वाडीतल्या केळीला कोका (केळफूल) आला, तो मला त्या नियमामुळे दिसला. आजी गेली, नियम आहे.

देवगडहून

मी भजनात बुवा आहे. लोकांना वाटतं आमची स्तुती चोवीस तास चालू. खरं सांगू? डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, देवाची स्तुती कमी आणि समोरच्या बुवाची खेचाखेची जास्त. लोकही त्यासाठीच पहाटेपर्यंत बसतात, मीही रंगतो, त्यात काही वाईट नाही. पण पेटी पुढे आली की मी बुवा होतो. म्हणून सकाळचं पेटीशिवाय ठेवलंय. विहिरीवरचा पंप लावला की टाकी भरेपर्यंत एक रूपाचा अभंग, बहुतेक तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान'. धागाकर्त्यांनी तो शेवटपर्यंत बघावा, त्यात मागणी शोधून सापडणार नाही, नुसतं त्याला बघणं आहे. ना पखवाज, ना झांज, ना 'वाहवा बुवा'. सूर लागला नाही तरी चालतो. लाईट गेलेली असली तर रहाटाने पाणी काढावं लागतं, त्या दिवशी दोन अभंग होतात.