मदत हवी आहे: बाबांचं महाधमनीचं ऑपरेशन आणि किडनीची भीती

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे. बाबा 71 वर्षांचे. पोटातल्या महाधमनीला 6 सेंटिमीटरचा फुगा आलाय, बेळगावात ओपन ऑपरेशन ठरलंय. क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीये ते दाखवणारी रक्ततपासणी) आधीच वाढलेलं, 1.8, शुगर-बीपी जुनं. त्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून खायचे, ती किडनीला वाईट म्हणून डॉक्टरांनी लगेच बंद केली. ते म्हणाले, ऑपरेशनमध्ये महाधमनीतलं रक्त थांबवायचा चिमटा (क्लॅम्प) किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या वर लावावा लागला तर तेवढा वेळ किडनीला रक्तच कमी पडतं. रक्तस्रावानं बीपी पडलं तरी धोका. मागच्याच आठवड्यात शिरेतून डाय देऊन सीटी स्कॅन झालाय, त्या डायनंही किडनीवर ताण येऊ शकतो. क्रिएटिनिन पुन्हा तपासून, ते स्थिरावेपर्यंत थांबूया असं डॉक्टरांना म्हणावं का? कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालंय? नंतर डायलिसिस लागलं का, किती दिवस? आईला काय सांगू, तेच कळत नाहीये.