वर्षातला बेस्ट लीड अभिनय ठरवायचा कसा? (ग्वाल्हेरकरांनी सांगा)

लष्करकर:
मंडळी, एक मदत हवीये. आमचा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आठ जणांचा सिनेमावेडा ग्रुप दर डिसेंबरात वर्षातला बेस्ट हीरो नि हिरॉईन निवडतो. बक्षीस काही नाही पण भांडणं खरी होतात. यंदा मार्क देऊन करायचं ठरलंय आणि मार्क कशाचे ठेवायचे हेच कळत नाहीये. कोणी म्हणतं वजन किती घटवलं ते बघा, कोणी म्हणतं रडायचा सीन बघा, मला दोन्ही पटत नाही. तुम्ही काय बघता?

मुरारची ताई:
आपल्याकडे पहिली परीक्षा बोलीची. पानसिंग तोमर सिनेमाचा हीरो आपल्या शेजारच्या मुरैन्याकडचा, ट्वेल्थ फेल सिनेमाचा मनोजही तिकडचाच, आणि ते रोल केले राजस्थानच्या इरफाननं नि मुंबईच्या विक्रांत मॅसीनं. चार जागी मोडा-मोडी (तिकडच्या बोलीत मुलगा-मुलगी) पेरलं की बोली येत नाही, घाबरल्यावर, चिडल्यावर, साहेबासमोर बोलताना ती कशी बदलते ते ऐका. आणि इरफानचं शरीर बघा, फौजेतला धावपटू आणि बीहडातला (चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतला) बागी, म्हणजे दरोडेखोर, वय वाढलंय, चाल बदललीये, तरी माणूस तोच वाटतो. हे मेकअपनं होत नाही.

दौलतगंज:
ताईंचं बरोबर आहे, पण बोलीलाच सगळे मार्क दिलेत तर शांत रोल मागे पडतील. 2012च्या सिनेमांसाठी नॅशनल अवॉर्डला बेस्ट अॅक्टर दोघांत वाटून दिलं होतं, इरफान आणि अनुमतीसाठी विक्रम गोखले. एक धावणारा बागी, दुसरा आजारी बायकोचा म्हातारा नवरा ज्याच्यापुढे सहीचा कागद येतो. यांची तुलना कशी करणार? मी एकच करतो, समोरचा बोलत असताना नट काय करतोय ते बघतो. ऐकणं खोटं असलं की लगेच दिसतं. मोठ्या सीनला सगळेच तयारी करून येतात हो.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, वर्ष कुठलं धरायचं ते आधी लिहून ठेवा. नॅशनल अवॉर्डला सेन्सॉर सर्टिफिकेटची तारीख धरतात, 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. तुम्ही थिएटर किंवा ओटीटीवर आल्याची तारीख धरा, नाहीतर एकच सिनेमा दोन वर्षं भांडत बसाल.

मुरारची ताई:
काका, ऐकण्याचा मुद्दा मान्य, दहा मार्क त्याला. अजून एक मात्र मनापासून सांगते, मराठी सिनेमा इथे थिएटरात लागतो कुठे? त्याच 2012च्या वर्षी बेस्ट अॅक्ट्रेस उषा जाधवला मिळालं, धगसाठी, स्मशानात काम करणाऱ्या घरातल्या बाईचा रोल. तुमच्या आठांत तसा सिनेमा दोघांनीच बघितला असेल तर ती बाई मतदानाआधीच हरली. हे मला फार खुपतं.

लष्करकर:
ताई, हे आमच्याकडे खरंच झालंय, मागच्या वर्षी एका मराठी सिनेमाला दोनच मतं पडली आणि बघितला होता दोघांनीच. यंदा ज्यानं यादीतले सगळे सिनेमे बघितले नाहीत त्याला मत नाही, आणि जे थिएटरात आले नाहीत ते माझ्या घरी रविवारी एकत्र बघू. काकांचं ऐकण्याचं आणि तुमचं बोलीचं, दोन्ही रकाने आजच कागदावर आखतो. वजन घटवण्याचा रकाना नाही ठेवणार.