कासच्या पठारावर फुलं बघायला तिकीट कशाला?

अजिंक्यताऱ्याखालून:
सरळ मुद्द्यावर येतो. कास पठार साताऱ्यापासून २५ किलोमीटरवर. जमीन वनखात्याची, म्हणजे जनतेचीच. पूर्वी शाळेच्या सहली, सायकलवाले, डबा घेऊन निघालेली कुटुंबं, कुणीही जायचं. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आलं. आता हंगामात तिकीट, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा. पुण्या-मुंबईचा माणूस ऑफिसात बसून बुकिंग करतो. आमच्या पेठेतल्या आजीबाईंनी काय करायचं? जिल्ह्यातल्या माणसाला आधारकार्ड दाखवून फुकट सोडा, एवढंच म्हणणं आहे. मोकळी हवा खायला पावती फाडायची म्हणजे कहर झाला.

जांभा:
कहर पूर्वी होता. गाड्या थेट फुलांवर घालायचे, गेंदाच्या (पांढऱ्या गोंड्यासारख्या रानफुलांच्या) ताटव्यात सतरंजी टाकून जेवायचे लोक. ते विसरलात?

कास म्हणजे बाग नव्हे. खाली जांभा खडक, त्यावर मातीचा पातळसा थर. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात सगळं भाजून निघतं. अशा जागी टिकणाऱ्या वनस्पती मुळातच वेगळ्या. सीतेची आसवं आणि दवबिंदू तर किडे खाऊन जगतात, कारण मातीत कसच नाही. डबक्यात उगवणारा वायतुरा सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांपलीकडे (सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार) जगात कुठे नाही. हे बहुतेक सगळं चार महिन्यांत उगवतं, फुलतं, बी टाकतं. नेमकं त्याच वेळी हजारो पाय पडले की माती घट्ट दाबली जाते आणि पुढच्या वर्षी तिथे पायवाट उरते. पायाला सातारचा पत्ता चिकटलेला नसतो. आजीबाईंना हवं तर पठाराजवळच्या घाटाई फाट्यावर तिकीट द्या, पण मोजणी सगळ्यांची झालीच पाहिजे.

मर्यादा नसलेला सडा बघायचा असेल तर पाचगणीच्या टेबल लँडवर जा. तोही जांभ्याचाच. घोडे मोजा आणि फुलं मोजा.

अजिंक्यताऱ्याखालून:
वा! मग तारेच्या कुंपणाचं काय झालं तेही सांगा की. संवर्धनाच्या नावाखाली पठाराला जाळी ठोकली. गुरं बंद झाली, गवत माजलं, फुलं झाकली. गावकरी आणि काही अभ्यासकही ओरडून सांगत होते की म्हशी चरल्या तरच बुटकी फुलं वर येतात. शेवटी जाळी काढावीच लागली. म्हणून म्हणतो, वरून आलेला प्रत्येक नियम शहाणा नसतो.

जांभा:
कुंपणाबद्दल वाद नाही, ती चूकच होती. पण म्हैस गवत खाते, सेल्फीसाठी फुलांत लोळत नाही. कुंपण फसलं म्हणून मर्यादाही काढा, हे गणित मला कळलं नाही.

घाटाई_फाटा:
दोघंबी शहरातनं बोलताय म्हणून आमचं ऐका. आम्ही पठारावरचीच माणसं. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांची वनखात्याबरोबर समिती हाय. तिकिटाच्या पैशातनं पोरांना हंगामात काम मिळतं. गाड्या लावायच्या, पावत्या फाडायच्या, माणसं फिरवायची, कचरा उचलायचा. तुमच्या बिसलेरीच्या बाटल्या कोण उचलतंय असं वाटतं? इथं पाऊस असा की भात-नाचणीपलीकडं पिकत नाही, निम्मी गावं मुंबईला. पोरगं दोन महिनं घरी राहून कमावतंय तर तुमच्या पोटात का दुखतंय?

जिल्ह्याला फुकट म्हणताय. सातारा जिल्हा केवढा हाय दादा! कराड, फलटण, वाई सगळं धरलं तर रविवारी पैसे देणारं कोण उरंल?

सांबराची_वाट:
तिकिटावर भांडून काय होणार? सातारा-कास रस्त्याच्या कडेने हॉटेलं, बंगले उभे राहतायत, त्यातली कितीतरी विनापरवाना. डोंगर पोखरून पार्किंग चाललंय. सातारकरांनो, तुमचा कास तलाव खालीच आहे, पाणी तुम्हीच पिता. फुलं वर्षातून काही आठवडे असतात, हे बांधकाम बारा महिने.

अजिंक्यताऱ्याखालून:
हे मान्य. पण त्या बंगलेवाल्याला कुणी अडवत नाही आणि दुचाकीवरून आलेल्या कॉलेजच्या पोरांना पावतीसाठी अडवतात, यालाच माझा आक्षेप आहे.

घाटाईवाले दादा, पोरांच्या पोटावर पाय द्यायचा विचार नाही. शनिवार-रविवारी घ्या पैसे, जास्त घ्या. मधल्या वारी जिल्ह्याला मोकळं ठेवा.

पुण्याहून_शनिवारी:
जास्त घ्या म्हणजे आमच्याकडून घ्या, असंच ना? 😀 पैसे देऊन, वेळ निवडून आलो, तरी घाटात अडकलो आणि पोचलो तोवर धुकं. तेरड्याचा जांभळा रंगसुद्धा दिसेना. गर्दी वाटून द्यायची तर गाड्या खालीच थांबवा आणि भरपूर बस सोडा. पैसे द्यायला आमची ना नाही.

जांभा:
मधल्या वारी स्थानिकांना सवलत, हे चालेल. मात्र ३,०००च्या आत. आणि बस साताऱ्यातूनच सुटली पाहिजे, फाट्यावरून नाही, नाहीतर घाटातली रांग तशीच राहील.

घाटाई_फाटा:
साताऱ्यातनं बस सोडली तर फाट्यावरच्या पार्किंगचं काम जाईल आमच्या पोरांचं. त्याचं काय ते आधी बोला. मधल्या वाराचं म्हणाल तर समितीत मांडतो, पण मला इचाराल तर सवलत निम्मी. फुकट न्हाई.